नाशिकमधल्या छोट्या धंद्याची वेबसाइट गूगलवर कशी दिसेल: पहिल्यापासून, क्रमाने

वेबसाइट तयार झाली, पैसे देऊन झाले, घरच्या सगळ्यांनी स्टेटसला लिंक टाकली आणि तरी गूगलवर दुकानाचं नाव टाकलं की साइट काही येत नाही. हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून काढतोय. आमचं जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, त्याची साइट मीच बघतो. त्यातून शिकत शिकत ओळखीच्यांच्या साइटही बघायला लागलो, कोणाचा त्र्यंबक रोडला होमस्टे, कोणाचं अंबडला जॉबवर्क, कोणाचा कॉलेज रोडला क्लास. धंदे वेगळे आहेत पण अडकायच्या जागा सगळ्यांच्या सारख्याच निघतात.

सुरुवातीलाच एक सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. एसईओमध्ये, म्हणजे साइट गूगलवर वर दिसावी म्हणून जे करतात त्यात, मुळात दोन कामं आहेत. एक, गूगलला तुमचं पान सापडलं पाहिजे आणि वाचता आलं पाहिजे. दोन, गिऱ्हाईक जे विचारतंय त्याचं खरं उत्तर त्या पानावर पाहिजे. पहिलं काम एकदा बसून उरकतं, दुसरं धंदा आहे तोवर चालू राहतं. आणि दोन्हीला मोठा खर्च लागत नाही, वेळ लागतो.

आधी हे सगळं हाताशी ठेवा

- डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) जिथून घेतलंय तिथलं लॉगिन आणि पासवर्ड
- होस्टिंगचं (साइट जिथे ठेवलीये त्या कंपनीचं) लॉगिन, आणि साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर तिचं ॲडमिन लॉगिन
- धंद्यासाठी वेगळा जीमेल, त्याला मालकाचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला
- शॉप ॲक्टचा कागद, उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट, दुकानाचं लाइट बिल
- दुकानाचे आणि मालाचे स्वतः काढलेले फोटो
- एक साधी वही (ही का ते पाचव्या पायरीत सांगतो, पण आजच काउंटरवर ठेवा)

## १. साइट नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा

हे एसईओ वाटणार नाही पण माझ्या मते सगळ्यात आधी हेच. आपल्याकडे साइट करून देणारा बरेचदा डोमेन स्वतःच्या अकाउंटवरून घेतो. त्यात दरवेळी वाईट हेतू असतो असं नाही, त्याला ते सोपं पडतं एवढंच. पण दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, डोमेनची मुदत संपते आणि साइट बंद. एवढी वर्षं त्या पत्त्याची गूगलकडे जी ओळख झाली ती त्याच्याबरोबर जाते. माझ्या ओळखीतल्या एका क्लासचं अगदी असंच झालं, शेवटी त्यांना नवीन नावाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर असलं पाहिजे आणि रिन्यूअल ऑटोवर टाकलेलं पाहिजे. दुसऱ्याच्या अकाउंटवर असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ट्रान्सफर मागून घ्या. डेव्हलपरला कामापुरतं ॲक्सेस द्या की, पण मूळ लॉगिन तुमच्याकडेच.

## २. गूगलला साइट माहितीये का ते तपासा

गूगलच्या सर्चमध्ये इंग्रजीत साइट हा शब्द टाइप करा, त्याला लागून कोलन, आणि मधे जागा न सोडता तुमचा डोमेन. तुमच्या साइटची जी पानं गूगलकडे आहेत त्यातली बरीचशी समोर येतील. एकही आलं नाही तर बहुतेक वेळा यातलं एक कारण असतं.

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा. तिथे सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, अशा अर्थाचा एक चौकोन आहे. साइट बनत असताना डेव्हलपर त्यावर टिक करतो, ते बरोबरच आहे, पण लाइव्ह करताना काढायचं विसरतो. एवढ्या एका टिकने वर्षभर साइट गायब राहिलेली मी पाहिलीये.

दुसरी जागा म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाइल. तुमच्या डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन हे नाव इंग्रजीत टाका, ती उघडेल. त्यात डिसअलाऊ आणि पुढे नुसती एक तिरकी रेघ दिसली तर पूर्ण साइटलाच मनाई लावलेली आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, ही फाइल गूगलला पान वाचायला मनाई करते, यादीत घ्यायला नाही. एखादं पान गूगलवर अजिबात दिसू नये असं वाटत असेल तर त्याला नोइंडेक्सचा टॅग (यादीत घेऊ नका अशी पानातली सूचना) लागतो, आणि तो टॅग वाचता यावा म्हणून पान उघडं ठेवावं लागतं.

तिसरं कारण साधं आहे, साइट नवीन आहे आणि तिच्याकडे कुठूनच लिंक नाही. त्याचा इलाज पुढच्या पायरीत.

## ३. सर्च कन्सोल जोडा, हे फुकट आहे

गूगल सर्च कन्सोल म्हणजे तुमच्या साइटबद्दल गूगलला काय दिसतंय ते गूगलनेच सांगायचं ठिकाण. २०१५ पर्यंत याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, जुने लोक अजून तसंच म्हणतात. धंद्याच्या जीमेलने उघडा. ते दोन पर्याय देतं, पूर्ण डोमेन किंवा एक ठराविक पत्ता. डोमेनचा पर्याय घ्या, त्यात सगळं येतं. मालकी सिद्ध करायला ते एक टेक्स्ट ओळ देतं, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, टाकायची. हे जमत नसेल तर डोमेन कंपनीच्या सपोर्टला फोन करा, करून देतात.

जोडून झालं की साइटमॅप द्या. साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांची यादी. वर्डप्रेस २०२० च्या ५.५ व्हर्जनपासून ती आपोआप बनवतं, योस्ट किंवा रँक मॅथसारखं एसईओचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) असेल तर ते स्वतःची बनवतं. या दोनपैकी एकच प्लगिन ठेवा, दोन्ही टाकून बसू नका. आणि प्लगिनमधला हिरवा दिवा म्हणजे नंबर लागला असं नाही हं, तो त्या प्लगिनचा दिवा आहे, गूगलचा नाही.

नवीन पान टाकलं की वरच्या पट्टीत त्याचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची विनंती करता येते. एकदा करा. रोज दाबून काही लवकर होत नाही.

## ४. मजकूर गूगलला वाचता येतो का

मराठी साइटवाल्यांसाठी ही पायरी फार महत्त्वाची आहे आणि एसईओच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगणारच नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही.

आपल्याकडे वर्षानुवर्षं डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये काम केलं. कॅटलॉग, पत्रिका, बोर्ड, सगळं त्यातच. साइट करताना तोच मजकूर उचलून दिला जातो. आता या जुन्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी रूप चढवतो. गूगल आतलं वाचतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने तुमच्या पानावर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत.

तपासायला अर्धा मिनिट लागतं. मोबाइलवर साइट उघडा, एका ओळीवर बोट दाबून ती कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करा. मराठी जशीच्या तशी आली तर युनिकोड आहे, काळजी नाही. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आली तर जुना फॉन्ट आहे, कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये आणून नंतर एकदा डोळ्याखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्ट होताना हमखास गडबडतात. आणि ओळ सिलेक्टच झाली नाही तर तो मजकूर नाहीच, चित्र आहे.

चित्राचा प्रकार तर घरोघरी. दिवाळीची ऑफर, रेटकार्ड, बॅचचं टाइमटेबल, सगळं फ्लेक्सच्या डिझाइनसारखं एका इमेजमध्ये करून चिकटवलेलं. इमेज ठेवा, छान दिसते, पण त्यातली महत्त्वाची माहिती खाली टाइप करून पण लिहा. आणि फोटोंना ऑल्ट टेक्स्ट द्या, म्हणजे फोटोत काय आहे त्याची एक साधी ओळ. ‘पितळी समई, जोडी, दोन फूट’ एवढं पुरे. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन हीच ओळ वाचून दाखवतो, त्यामुळे ती माणसाला कळेल अशी लिहा.

## ५. लोक काय टाइप करतात ते शोधा

आता ती वही. गिऱ्हाईक फोनवर किंवा काउंटरवर जे जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, सुधारून लिहू नका. आमच्याकडे विचारतात: कल्हई करून मिळेल का, जुनी भांडी मोडीत घेता का आणि काय भावाने, रुखवताला काय काय लागतं, बंब रिपेअर होतो का. यातला प्रत्येक प्रश्न कोणीतरी रात्री घरी बसून गूगललाही विचारत असतो. लोक शोधताना जे शब्द टाकतात त्यांना कीवर्ड म्हणतात, ते शोधून देणाऱ्या महागड्या टूलआधी ही वही भरा.

मग गूगलमध्ये तो प्रश्न अर्धा टाइप करून थांबा, खाली जे पर्याय येतात ते बघा, आणि रिझल्टच्या मधे लोक आणखी काय विचारतात असा एक भाग येतो तोही वाचा. मराठीत टाइप करून बघा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बघा आणि सरळ इंग्रजीतही बघा. आपले लोक तिन्ही प्रकारे शोधतात, आणि आता बोलून शोधणारे पण भरपूर आहेत.

जागेच्या नावांकडे नीट लक्ष द्या, नाशिकमध्ये यात बराच घोळ होतो. कागदोपत्री नवीन नाशिक, पण माणूस टाइप करणार सिडको. नुसतं सिडको लिहिलं तर नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरही त्यात येतं, म्हणून ‘सिडको, नाशिक’ असं एकत्र लिहा. गंगापूर रोडचं तेच, गंगापूर नावाचा तालुका शेजारच्या जिल्ह्यात आहे. सगळ्यात जास्त गोंधळ नाशिक रोडचा. तुमचं दुकान द्वारकेजवळ पुण्याच्या रस्त्याला असेल आणि तुम्ही पत्त्यात ‘नाशिक रोड’ लिहिलंत तर लोक रेल्वे स्टेशनकडच्या भागात जाऊन तुम्हाला शोधत बसतील. बाहेरगावच्या माणसाला हा फरक माहीत नसतो, तो तुम्हीच लिहायचा: द्वारका सर्कलपासून कोणत्या बाजूला, कुठल्या खुणेसमोर, गाडी कुठे लावायची.

नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जुनं आणि नवं असे दोन प्रकार आहेत, लोक दोन्ही वापरतात. गूगलला ते एकच शहर आहे हे कळतं, तुम्ही मात्र सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

## ६. एका प्रश्नाला एक पान, आणि ते मनापासून लिहा

इथे जास्त वेळ द्या. बाकी सगळ्या पायऱ्या या पानापर्यंत पोचण्यासाठीच आहेत.

उदाहरणच देतो. कल्हईचं पान लिहायचंय. बहुतेक साइटवर काय असतं, ‘आम्ही उत्तम दर्जाची कल्हई सेवा माफक दरात देतो, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. आता असं लिहून बघा. कल्हई म्हणजे भांडं तापवून, नवसागर टाकून आतून कथलाचा पातळ थर देणं. ज्या पितळी पातेल्यात किंवा तपेल्यात आमटी, कढी, चिंचेचं किंवा टोमॅटोचं काही शिजवणार त्याला कल्हई हवीच, कारण आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो. पाणी प्यायच्या तांब्याच्या हंड्याला कल्हई करत नाहीत. थर उडून आतून पिवळं दिसायला लागलं की परत करायची वेळ झाली. कल्हईचं भांडं तारेच्या घासणीने घासू नका आणि रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील लवकर वितळतं. मग खाली: आमच्याकडे कोणत्या वारी भांडी घेतो, किती दिवसांनी मिळतात, दर भांड्याच्या मापावर कसा ठरतो, येताना भांडं कसं स्वच्छ करून आणायचं. आणि आधीचा-नंतरचा एक एक फोटो.

हे पान इंटरनेटवरून उचलून लिहिता येत नाही, ज्याने हे काम जवळून पाहिलंय तोच लिहू शकतो, आणि तुमच्या धंद्यातही असं ज्ञान तुमच्याकडे पडून आहे. द्राक्षबागेजवळ होमस्टे असेल तर बागेत द्राक्षं नेमकी कोणत्या महिन्यात बघायला मिळतात ते सांगा, कारण मुंबईचा माणूस जुलैत येतो आणि नुसत्या वेली बघून नाराज होतो. अंबड-सातपूरला मशीन शॉप असेल तर मशीनचा फोटो नुसता टाकू नका, किती मापापर्यंतचा जॉब बसतो, कोणतं मटेरियल करता, कमीत कमी किती नग घेता ते लिहा. पर्चेसवाला हेच शोधत असतो आणि साइटवर मिळालं नाही की दुसऱ्याला फोन लावतो.

एआयकडून लिहून घेतलं तर चालतं का, हे खूप जण विचारतात. गूगलने २०२३ मध्येच सांगितलंय की मजकूर कसा बनवला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या कामाचा आहे का ते बघतो. पण मार्च २०२४ पासून ढीगभर पोकळ पानं पाडणं हे स्पॅममध्ये धरलं जातं, मग ती माणसाने पाडलेली असोत की मशीनने. तेव्हा शुद्धलेखन, मांडणी यासाठी मदत घ्या, माहिती तुमचीच पाहिजे.

आणखी दोन सापळे याच पायरीत आहेत. इंदिरानगर, पंचवटी, पाथर्डी फाटा, म्हसरूळ अशा प्रत्येक भागाच्या नावाने तोच मजकूर फिरवून पन्नास पानं बनवून देतात, त्याला गूगल डोअरवे म्हणतं आणि ते नियमाविरुद्ध आहे. दुसरं, दर वर्षी नवीन पान. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वरला राहायची सोय असं पान करणार असाल तर करा, पण पत्त्यात वर्ष टाकू नका आणि पान आतापासूनच ठेवा, तारखा आणि माहिती बदलेल तशी त्याच पानावर बदलत जा. दिवाळीच्या, लग्नसराईच्या पानांनाही हेच. ऐन सीझनला टाकलेल्या नव्या पानाला वर यायला वेळ मिळत नाही.

## ७. टायटल, वर्णन, पत्ता, भाषा

प्रत्येक पानाचं टायटल वेगळं पाहिजे. गूगलवर निळ्या अक्षरात जी ओळ दिसते तीच बहुतेक ही. मी बघितलेल्या निम्म्या साइटवर होमपेजचं टायटल नुसतं ‘होम’ असतं! ‘पितळी भांड्यांना कल्हई, जुने नाशिक’ आणि मग दुकानाचं नाव, असं कामाचं आधी लिहा, कारण लांब टायटल शेवटी कापलं जातं. गूगल कधी कधी स्वतः ते बदलतं, त्याला इलाज नाही.

खाली येणारं वर्णन नंबरवर परिणाम करत नाही पण माणूस क्लिक करेल की नाही ते त्यावर ठरतं, म्हणून दोन ओळी नीट लिहा. कीवर्डचा मेटा टॅग मात्र गूगल वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय, त्याचे कोणी पैसे लावत असेल तर देऊ नका.

पानाचा पत्ता मराठीत ठेवला तरी गूगलला चालतो, पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवी वाटते. मी इंग्रजी अक्षरांत छोटा पत्ता ठेवतो.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवायचं असेल तर पानं वेगळी करा, एकाच पानात अर्धं-अर्धं नको, आणि दोन्ही एकमेकांना एचरेफलँगने (कोणतं पान कोणत्या भाषेचं ते गूगलला सांगणारा टॅग) जोडा. त्र्यंबकेश्वरला येणाऱ्यांमध्ये हिंदी बोलणारे भरपूर, तिथे हिंदी पान पण करा. आपोआप भाषांतर करणारं प्लगिन लावून सोडून देऊ नका, कोणीतरी वाचून बघितलंच पाहिजे.

## ८. गूगल बिझनेस प्रोफाइल

ज्यांच्याकडे गिऱ्हाईक चालत येतं त्यांना हे वेबसाइटपेक्षाही लवकर उपयोगी पडतं. मॅपवर जी दुकानं दिसतात ती इथून येतात. आधी याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. पूर्ण फुकट आहे. ‘गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, एवढे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

व्हेरिफिकेशनला आता बरेचदा व्हिडिओ मागतात. तो सलग लागतो, कापलेला-जोडलेला चालत नाही. आधी रस्ता आणि शेजारच्या पाट्या, मग तुमची पाटी, मग कुलूप किंवा शटर उघडताना, आत माल किंवा मशीन, आणि शॉप ॲक्टचा कागद, असं एका दमात चालत घ्या. पाटीवरचं नाव, कागदावरचं नाव आणि प्रोफाइलचं नाव जुळलं पाहिजे. नावात ‘नाशिकमधील बेस्ट’ वगैरे घुसडू नका, त्याने प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि मग ते सोडवताना फार ताप होतो.

मॅपमध्ये कोण वर येणार ते गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही, त्यामुळे नाशिक रोडला बसून शोधणाऱ्याला पंचवटीचं दुकान खाली दिसलं तर घाबरू नका. कॅटेगरी अचूक निवडा, वेळा बरोबर ठेवा, सुट्टीच्या दिवशी बदला, खरे फोटो टाकत राहा.

रिव्ह्यू मागा, मागण्यात काही गैर नाही. पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट द्यायचं नाही, ते नियमात बसत नाही, आणि विकत घेतलेले तर नकोच. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका, दोन ओळींत काय झालं आणि तुम्ही काय करताय ते लिहा. ते उत्तर त्या माणसापेक्षा पुढचं गिऱ्हाईक जास्त वाचतं.

## ९. मोबाइल आणि स्पीड

गूगल आता साइटचं मोबाइलवर दिसणारं रूपच धरतं, हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. तेव्हा ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर साइट बघून पास करू नका, साध्या फोनवर, वायफाय बंद करून बघा.

स्पीड तपासायला पेजस्पीड इनसाइट्स आहे, फुकट. त्यात तीन आकडे बघा. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा, आणि लोड होताना मजकूर इकडे तिकडे उड्या मारतो त्याचा आकडा ०.१ पेक्षा कमी असावा. शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका. छोट्या साइटवर नव्वद टक्के वेळा दोषी फोटो असतात. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी आणि वेबपी फॉरमॅट केला की तो दीड-दोनशे केबीत येतो, स्क्वूश नावाच्या फुकट टूलवर होतं.

आणि साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय ना बघा, म्हणजे कनेक्शन सुरक्षित आहे. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगमध्ये एका क्लिकवर चालू होतं.

## १०. दुसऱ्या साइटवरून लिंक

दुसरी साइट तुमच्याकडे बोट दाखवते तेव्हा गूगल ते साक्षीसारखं धरतं, त्यांची सुरुवातच १९९८ मध्ये या कल्पनेवर झाली. म्हणूनच ‘हजार बॅकलिंक एवढ्या रुपयांत’ विकणारे आहेत. २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून गूगल अशा लिंकांच्या मागे लागलंय, घेऊ नका.

खऱ्या लिंका कुठे मिळतात? ज्या कंपनीचे डीलर आहात तिच्या डीलर यादीत. निमा, आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनेचे सभासद असाल तर तिथल्या सभासद यादीत साइटचा पत्ता देता येतो का विचारा. ज्या शाळेला, मंडळाला, स्पर्धेला तुम्ही मदत केलीत त्यांच्या साइटवर. थोड्याच असतील पण टिकतात.

## ११. एजन्सीला काम द्यायचं असेल तर

वेळ नसेल तर द्या, चांगलं काम करणारे लोक शहरात आहेत. फक्त पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याला देऊ नका. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय, आणि फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं हेही. गूगलला जाहिरातीचे पैसे दिले म्हणून खालचा फुकटचा नंबर वर जात नाही, त्यामुळे बिलात जाहिरात आणि एसईओ वेगळं लिहून मागा.

विचारायचे प्रश्न: या महिन्यात नेमकी कोणती पानं बदलणार, लिंक कुठून आणणार, काम थांबवलं तर लिहिलेला मजकूर आणि सगळे लॉगिन माझ्याकडे राहणार का. आणि साइट नव्याने डिझाइन करत असतील तर जुना प्रत्येक पत्ता नव्या पत्त्याकडे ३०१ रिडायरेक्टने वळवणार हे लेखी घ्या. हे राहिलं की जमलेलं सगळं एका रात्रीत जातं, गिऱ्हाईकाला जुन्या लिंकवर पान सापडत नाही आणि गूगललाही.

## १२. आकडे कधी आणि कोणते बघायचे

रोज बघू नका. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा, तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं मिळतं. पूर्ण वर्ष झालं की या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण आमच्याकडे लग्नसराईत आणि दिवाळीत सगळंच वर जातं आणि पितृपक्षात खाली येतं, त्यात एसईओचं काही नसतं.

लोकांनी काय शोधलं ती यादी वाचा. जिथे तुमचं पान भरपूर वेळा दिसतंय पण क्लिक नाहीत तिथे टायटल आणि वर्णन सुधारा. जिथे तुम्ही आठव्या ते पंधराव्या नंबरला आहात तिथे त्या पानात वहीतले आणखी प्रश्न घालून उत्तरं वाढवा, नवीन पान करण्यापेक्षा हे लवकर फळतं. आणि एखादा शब्द तुम्ही लिहिलेलाच नाही तरी त्यावर तुम्ही दिसताय असं आढळलं तर ते पुढच्या पानाचं नाव समजा.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांना वरतीच एआयचं तयार उत्तर देतं, त्यामुळे काही पानांचे क्लिक कमी झालेले दिसतील. ‘कल्हई म्हणजे काय’ एवढं विचारणारा तिथेच थांबेल. ‘आज भांडं दिलं तर कधी मिळेल’ विचारणारा अजूनही फोन करतो, म्हणून प्रत्येक पानावर फोन नंबर वर, बोट लावताच कॉल लागेल असा ठेवा, आणि काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाला आम्ही कुठे सापडलो ते विचारून त्याच वहीत लिहा.